अकरा इंच

नॉरुप कॉलेजच्या फुटबॉल संघाने त्या वर्षी घरच्या मैदानावर पाच सामने जिंकले आणि बाहेरगावचे चारही हरले. या गोष्टीचं श्रेय घ्यायला जेवढी माणसं पुढे सरसावली, तेवढी गेल्या सव्वीस वर्षांत मैदानाच्या बाकांवरही दिसली नव्हती.

पाद्री थॉरसन म्हणाले, प्रार्थनेचं फळ आहे. (ते बाहेरगावच्या सामन्यांसाठीही तेवढीच प्रार्थना करत, पण त्याबद्दल त्यांना कोणी विचारलं नाही.) बॅन्डमास्तर म्हणाला, नवे ढोल. कॉलेजच्या अध्यक्षीणबाई डॉक्टर क्वेन यांनी तर सात जणांची समिती नेमली आणि समितीने ‘आपल्या मातीची ताकद’ नावाची बारा पानांची गुळगुळीत पुस्तिका काढली. तिच्या पहिल्याच पानावर बाईंचा फोटो होता. संघाचा पाचव्या पानावर होता, तोही पाठमोरा.

खरं श्रेय होतं वेंडेल स्कोव नावाच्या म्हाताऱ्याच्या गॅरेजच्या भिंतींचं. पण ते कोणाला ठाऊक नव्हतं. नोव्हेंबरचा दुसरा आठवडा उजाडेपर्यंत खुद्द वेंडेललाही नव्हतं.

नेब्रास्कात फुटबॉल हा धर्म आहे असं सगळे म्हणतात. खोटं आहे. धर्मात एखाद्या दिवशी सुट्टी असते. नॉरुपसारख्या आठशे पोरांच्या कॉलेजातही शंभर पोरं फक्त हा खेळ खेळायला येतात आणि त्यांतली नव्व्याण्णव पुढे ट्रॅक्टर विकतात. उरलेला एक विमा विकतो. संघाचं नाव ग्लीनर्स. ग्लीनर्स म्हणजे कापणी झालेल्या शेतात सांडलेली कणसं वेचणारे, सरवा गोळा करणारे. बायबलमधून घेतलेलं नाव. दुसऱ्या कॉलेजांचे संघ वाघ, अस्वल, वादळ. आमचे सरवा वेचणारे. आणि सव्वीस वर्षं त्यांनी नावाला जागून दुसऱ्यांनी खाऊन उरलेलंच वेचलं होतं. पाच जय, चार पराजय आणि शेवटचा सामना घरी, अशी वेळ कोणाच्या आठवणीत नव्हती. तो एक जिंकला की हंगाम जिंकलेला. हरला की पाचाला पाच, म्हणजे पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

वेंडेल या सगळ्यात साखळीवाला होता.

खेळाचा सगळा जीव एका गोष्टीत आहे: चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, नाहीतर चेंडू समोरच्याला द्यायचा. बाकी सगळा बॅन्ड आणि खाणंपिणं. आणि ते दहा यार्ड मोजायला दोन काठ्या असतात, मधे तीस फुटांची लोखंडी साखळी. मैदानाच्या कडेला तीन गडी ती घेऊन उभे असतात. मागची काठी वेंडेलकडे, पुढची काठी त्याच्या मेहुण्याकडे, म्हणजे मैदान आखणाऱ्या लायल ब्योरनहोल्टकडे, आणि कितवा प्रयत्न ते दाखवणारी आकड्यांची पाटी गॉर्डीकडे. गॉर्डी एका कानाने बहिरा, म्हणून त्याला पाटी. साखळीवाले त्याच गावचे असतात, पण त्यांनी ओरडायचं नाही, टाळी वाजवायची नाही, संघाच्या रंगाचा मोजासुद्धा घालायचा नाही. वेंडेलने तेहतीस वर्षं हे पाळलं होतं. त्याआधी आणि त्याबरोबर चाळीस वर्षं तो धान्याच्या कोठारावर वजनकाट्याशी होता. शेतकरी काट्याला शिव्या देत, मालक काट्याला शिव्या देई, पण वेंडेलला दोघांपैकी कोणी कधी दिल्या नाहीत. एवढीच त्याची कमाई, आणि तिचा त्याला फार गर्व होता. गर्व करण्यासारखं दुसरं काही त्याच्याकडे नव्हतंही. पोर नाही, जमीन नाही, आणि मासे पकडण्यात तो अगदीच दरिद्री.

तर नोव्हेंबरातला तो बुधवार. वारा उत्तरेचा लागला होता आणि वेंडेल रस्त्याच्या कडेला बर्फाचं कुंपण घालायला निघाला. लाकडी पट्ट्यांचं कुंपण, वाऱ्याने वाहून येणारा बर्फ अडवायला. त्याचे खांब दर दहा यार्डांवर कायमचे रोवलेले. त्यानेच वीस वर्षांपूर्वी कॉलेजची साखळी टाकून रोवले होते. साखळी आठवडाभर त्याच्याच गॅरेजात तेल पाजून टांगलेली असे. या वर्षी एक खांब कुजला होता. नव्या खांबाची जागा धरायला त्याने साखळी आणली, आधी ताडून बघायला एक टोक एका धडधाकट खांबाला लावलं आणि चालत त्याच्या शेजारच्या धडधाकट खांबापाशी गेला.

साखळी पोचली नाही.

त्याने पहिल्यांदा खांबाला दोष दिला. मग साखळी पुढच्या दोन खांबांना लावली. पोचली नाही. मग त्याच्या पुढच्या. वीस वर्षं जागच्या जागी उभे असलेले अकरा खांब एकाच वर्षी, एकाच मापाने, एकाच दिशेला चालू लागतील, हे वेंडेललासुद्धा पटेना. तो घरात जाऊन पोलादी टेप घेऊन आला, गुडघ्यावर बसला आणि मोजलं. एकोणतीस फूट, एक इंच. अकरा इंच कमी.

त्याची बायको आर्डिस स्वयंपाकघरात राजमा-खिम्याच्या चिलीसाठी कांदा चिरत होती. वेंडेल बूट न काढता आत आला, तेव्हाच तिने ओळखलं की काहीतरी बिनसलंय.

“आर्डिस, तुझ्या बापाने बांधलेलं ते गॅरेज किती लांब आहे?”

“तीस फूट. आख्ख्या परगण्याला माहीत आहे. मरेपर्यंत सांगत होता.”

“आतून की बाहेरून?”

आर्डिसची सुरी थांबली. “गॅरेज बाहेरून मोजतात, वेंडेल. आत काय लग्न लावायचंय?”

वेंडेल खुर्चीवर बसला. चार जुलैच्या स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत साखळीवाले साखळी घेऊन चालत होते, दरवर्षी चालतात, आणि मागच्या ट्रॅक्टरने साखळी चिरडली. वाकलेल्या कड्या कापून, नव्या घालून जोडायचं काम वेंडेलने अंगावर घेतलं. किती कड्या गेल्या ते मोजलं नव्हतं. कशाला मोजायचं, तीस फुटांचं गॅरेज होतं ना. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत साखळी ताणून बसवली, अगदी चपखल. आणि सासऱ्याने थंडीसाठी भिंती केल्या होत्या साडेपाच इंच जाडीच्या. दोन भिंती. अकरा इंच.

“मी आतून मोजली,” तो म्हणाला.

“चाळीस वर्षं वजनकाट्यावर होतास ना तू?” आर्डिस म्हणाली.

“होतो.”

“विचारलं आपलं.”

तिने परत कांदा चिरायला घेतला. पण वेंडेलच्या डोक्यात आता आकडे फिरायला लागले होते. कोच होलूबकडे एकच युक्ती होती. एकशे वीस किलोचा एक पोरगा होता, त्याच्या हातात चेंडू द्यायचा आणि त्याला मधोमध घुसवायचा. पोरगा प्रत्येक वेळी सव्वातीन यार्ड जाई. ना जास्त, ना कमी, जसा काही पगारी. तीन वेळा घुसवला की पावणेदहा यार्ड. बाहेरगावी पावणेदहा म्हणजे नऊ इंच कमी, म्हणजे लाथ मारून चेंडू परत द्या आणि हरा. घरी मात्र साखळीच नऊ यार्ड पंचवीस इंचांची. पावणेदहा म्हणजे पार. पुन्हा घुसवा. अशा रीतीने नॉरुप कॉलेज पाच सामने चालत चालत जिंकलं होतं, आणि अध्यक्षीणबाई मातीची ताकद छापत बसल्या होत्या.

बाहेर हरतो म्हणून कोचने पोरांसाठी बसमध्ये मनाचा डॉक्टर बसवला होता. पोरांना बसची भीती वाटते, असं त्या डॉक्टरचं निदान होतं.

“सांगणार आहेस का कोणाला?” आर्डिसने विचारलं.

“साखळी नीट करतो. शनिवारी बरोबर साखळी असेल. झालं गेलं ते...”

“म्हणजे नाही सांगणार.”

“पाच सामने झालेत आर्डिस. आता सांगून काय त्या पोरांच्या तोंडचा घास काढू?”

“मी कुठे काय म्हटलं? हात धुऊन घे.”

माणूस प्रामाणिक असला की त्याला आपली लबाडी ओळखू येत नाही, सवय नसते. वेंडेलने गुरुवारी हार्डवेअरच्या दुकानातून कड्या आणल्या, जोडल्या, पोलादी टेपने तीनदा मोजल्या, आणि त्या रात्री चांगला झोपला. लायलला त्याने काही सांगितलं नाही. लायलला सांगणं म्हणजे पेट्रोल पंपावरच्या कॉफीच्या टेबलाला सांगणं, आणि त्या टेबलाला सांगणं म्हणजे वर्तमानपत्रात देणं. फक्त वर्तमानपत्र इतकी भर घालून छापत नाही.

शनिवारी सामना होता सेंट कॅशियन कॉलेजशी. ते कॅथलिक, नॉरुप लुथरन, त्यामुळे बाकं फुटेस्तोवर भरली होती. बायकांनी चर्चच्या तळघरातून चिलीची पातेली आणि दालचिनी रोल आणून मांडले होते. तीस वर्षांत मैदान न पाहिलेली माणसं कोचला सल्ले देत होती.

पहिल्याच डावाला गंमत झाली. मैदानावर दर दहा यार्डांना आकडा घातलेली पांढरी रेघ असते, आणि चेंडू बरोबर वीसच्या रेघेवर ठेवला होता. वेंडेलने आपली काठी वीसच्या रेघेवर रोवली, लायल पुढे चालत तीसच्या रेघेवर गेला. आणि थांबला. त्याच्या पायाशी साखळीला झोळ पडला होता. त्याने मागे पाहिलं.

“मागे सरक,” लायल ओठ न हलवता म्हणाला.

“रेघेवर आहे मी.”

“मग साखळी वाढली की काय?”

“साखळी बरोबर आहे. तू पुढे हो.”

“तीस इथे आहे, वेंडेल. मीच रंगवलाय. मी काय एकतिसावर उभा राहू?”

वेंडेलने लायलच्या पायाखालच्या पांढऱ्या रेघेकडे पाहिलं, मग त्या पलीकडच्या, मग लांब पूर्वेच्या गोलखांबांकडे. लायलने जादाच्या कड्या बुटाखाली दाबल्या, काठी तीसच्या रेघेवर ठेवली आणि सामना पुढे चालू झाला. पगारी पोरगा सव्वातीन यार्ड गेला. मग आणखी सव्वातीन. मग आणखी. लायलचा बूट जागचा हलला नाही. लोक नाचत होते.

मध्यंतरात वेंडेलने लायलला रंगाच्या डब्यांच्या शेडमागे ओढलं. गॉर्डीही आला, पण बहिरा कान त्यांच्याकडे करून उभा राहिला. शहाणा माणूस.

“मैदान कशाने आखलंस?” वेंडेलने विचारलं.

“कशाने म्हणजे?”

“ऑगस्टमध्ये. नवं गवत टाकल्यावर. मोजायची दोरी कुठाय?”

लायलने नाक ओढलं. “रीळ उंदरांनी खाल्लं. मग मी काय डोंबल करणार? साखळी होती ना हाताशी, नुकतीच तू जोडून दिलेली. दहा यार्डांची साखळी, दहा वेळा टाकली. पश्चिमेकडून सुरुवात केली. हिशेब साफ.”

“आणि पूर्वेला नऊ फूट उरले तेव्हा?”

“उरले खरे. मी म्हटलं जुन्या लोकांनी चुकीचं मोजलं असणार. दिले पूर्वेच्या गोलाच्या पट्ट्यात टाकून.” मग त्याच्या ध्यानात आलं. “तू साखळी कशाने मोजलीस?”

“तुझ्या बापाच्या गॅरेजने. आतून.”

“बापाचं नाव घेऊ नकोस. ते गॅरेज तीस फूट आहे.”

“बाहेरून आहे.”

नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणतात. इथे नाचता तर येतच नव्हतं, पण अंगणही खरोखर वाकडं निघालं होतं आणि ते वाकडं करणारे दोघे शेडमागे उभे होते.

“बघ,” लायल म्हणाला, “दोन्ही संघ त्याच मैदानावर पळाले ना? त्यांनाही तेवढंच, आपल्यालाही तेवढंच. कोणाचं काय चोरलं?”

“काट्याखाली दगड ठेवला तर देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला वजन सारखंच दिसतं, लायल.”

“हे कोठार नाहीये. आणि आज तर साखळी खरी आणि मैदान खोटं, मग कोण कोणाला खोटं ठरवणार, सांग तूच. सव्वीस वर्षं, वेंडेल. माझा पोरगा यांच्यासाठी चार वर्षं खेळला, चार सामने जिंकला. एकूण. तू मागचं टोक धर आणि गप्प उभा रहा. पुढचं मी बघतो.”

शिट्टी वाजली. वेंडेल हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. तेहतीस वर्षांत त्याला मैदानावर काही म्हणावंच लागलं नव्हतं.

शेवटची दोन मिनिटं उरली तेव्हा सेंट कॅशियन सतरा, नॉरुप चौदा. चेंडू नॉरुपकडे, चौथा प्रयत्न, थोडंसंच अंतर. तेवढं गाठलं तर डाव चालू, नाही तर सामना संपला, हंगाम संपला. कोच होलूबने काय केलं हे सांगायला नको. पोरगा मधोमध घुसला. वीस माणसं त्याच्यावर पडली. ढीग उपसला तेव्हा चेंडू कुठे होता आणि कुठे असायला हवा होता, ते कोणालाच नुसत्या डोळ्यांनी सांगता येईना.

रेफ्री पामर आठवडाभर दातांचा डॉक्टर असे. त्याने हात करून साखळी आत बोलावली.

चार हजार माणसं श्वास धरून बसलेली असताना तीन म्हातारे गवतावरून चालत गेले. वेंडेलने खूण धरून आपली काठी टेकवली. लायल साखळी घेऊन पुढे गेला, चेंडूपाशी थांबला, आणि काठीच्या बुडाशी गुडघ्यावर बसला.

लायलचे दोन्ही गुडघे बदललेले होते. सहा वर्षांत तो चर्चमध्येही गुडघ्यावर बसला नव्हता, पाद्र्यांनी तशी सवलत दिली होती. वेंडेलने पाहिलं: लायलची उजवी मूठ काठीच्या बुडाशी, केवढी तरी मोठी, आणि साखळीच्या शेवटच्या कड्या तिच्यात गेलेल्या.

साखळी ताणली गेली. चेंडूचं नाक काठीच्या सात इंच पुढे.

पामरने हात पुढे केला. चेंडू नॉरुपचा. बाकं उठली, ढोल सुरू झाले, अध्यक्षीणबाईंनी पाद्र्यांना मिठी मारली.

“डॉक्टर,” वेंडेल म्हणाला.

कोणाला ऐकू गेलं नाही. वेंडेलने काठी न सोडता पुन्हा हाक मारली, आता काट्यावरून ट्रकवाल्याला मारत असे तशी. “डॉक्टर. लायलला मूठ उघडायला सांगा.”

पामर वळला. “काय?”

“मूठ. उजवी.”

लायलने मान वर केली. इतक्या वर्षांत मेहुण्याकडे त्याने असं कधी पाहिलं नव्हतं. “थंडीने बोटं आखडलीत,” तो म्हणाला. “उघडत नाहीत.”

“मी लोकांचे जबडे उघडतो,” पामर म्हणाला. “मुठीचं शिक्षण नाही माझं. पण प्रयत्न करून बघू का?”

लायलने मूठ उघडली. कड्या खळकन गवतावर पडल्या. साखळी पुन्हा ताणली, आणि काठी चेंडूच्या नाकाच्या चार इंच पुढे जाऊन उभी राहिली.

चेंडू सेंट कॅशियनला मिळाला. त्यांनी तो पोटाशी धरून दोन मिनिटं काढली, आणि सतरा-चौदा. गर्दीतून कोणीतरी वेंडेलला दालचिनी रोल फेकून मारला. तो गॉर्डीला लागला. गॉर्डीने खाल्ला.

त्या संध्याकाळी वेंडेलने सगळं सांगितलं: साखळी, गॅरेज, मैदान. सोमवारी मैदान मोजलं गेलं. नऊ फूट दोन इंच आखूड. आठवड्याभरात कॉलेजांच्या क्रीडा मंडळाने निकाल दिला की जुने सामने आहेत तसे राहतील, कारण दोन्ही बाजू सारख्याच आखूड मैदानावर पळाल्या. म्हणजे शेडमागे लायल म्हणाला तेच, फक्त कोट घालून. मातीच्या ताकदीच्या उरलेल्या पुस्तिका कॉलेजच्या तळघरात गेल्या. पाद्र्यांनी रविवारी नम्रतेवर प्रवचन दिलं, दुसऱ्यांच्या.

आणि गाव चिडलं. कोणावर चिडलं? साखळी चुकीची जोडली म्हणून कोणी वेंडेलला बोललं नाही, चूक कोणाकडूनही होते. मैदान चुकीचं आखलं म्हणून लायलला बोललं नाही. मुठीत कड्या लपवल्या त्याचं तर कौतुक झालं. पेट्रोल पंपावर लायलची कॉफी फुकट झाली, लोक त्याची मूठ बघायला मागत. राग होता तो वेंडेलने तोंड उघडलं याचा. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात म्हणतात. आमच्या गावाने चोराला पंगतीला बसवलं आणि वर संन्याशाला ताटं वाढायला लावली असती, जमलं असतं तर. न्हाव्याने त्याचे केस एक अक्षर न बोलता कापले. नॉरुपचा न्हावी गप्प बसतो म्हणजे काय, ते तिथे राहिल्याशिवाय कळायचं नाही. चर्चमध्ये स्कोव नवरा-बायकोच्या बाकावर ऐसपैस जागा असे.

कॉलेजने पत्र पाठवलं. तेहतीस वर्षांच्या सेवेबद्दल आभार, आता नव्या रक्ताला संधी द्यावी म्हणतो, सोबत लाकडी ढाल. ढालीवर त्याचं नाव चुकीचं होतं.

“भिंतीवर लावू?” आर्डिसने विचारलं.

“आतून की बाहेरून?” वेंडेल म्हणाला. त्या महिन्यात घरात झालेला तेवढाच विनोद.

त्याला भेटायला दोनच माणसं आली. पहिला इलाय, संघाचा लाथ मारणारा पोरगा. गोलखांबांमधून चेंडू मारायचं काम त्याचं. पश्चिमेला तो अचूक मारी आणि पूर्वेला सगळा हंगाम दोन-तीन फूट खाली राही. पूर्वेला शाप आहे असं सगळे म्हणत, त्याच्या आईने टपालाने मंतरलेलं मीठ पाठवलं होतं. आता कळलं की पूर्वेचे खांब रेघेपासून नऊ फूट लांब होते. पोरगा दारात उभा राहिला, वेंडेलचा हात धरून जोरजोराने हलवला, आणि निघून गेला.

दुसरा कोच होलूब. वेंडेलला वाटलं, हा मारतो आता. पण कोच ओट्यावर बसला, टोपी काढली आणि विचारलं, “म्हणजे पोरं बसला घाबरत नव्हती?”

“नाही.”

“बरं झालं,” कोच म्हणाला. “त्या मनाच्या डॉक्टरने मलाच घाबरवलं होतं. परवा मी बसमध्ये डोळे मिटून बसलो.” मग जरा वेळाने: “पावणेदहा काय?”

“पावणेदहा.”

“दुसरी एखादी चाल बसवावी लागेल.” त्याने हे अशा आवाजात म्हटलं, जसं काही दुसरी बायको करावी लागेल.

लायल मात्र आला नाही. थँक्सगिव्हिंगच्या सणाला दरवर्षी भाजलेली टर्की तोच कापायचा. त्याने पंपकिन पाय या भोपळ्याच्या गोड पदार्थाचा एक तुकडा पाठवला, चिठ्ठीवर लिहून: आर्डिससाठी. आर्डिसने त्याचे दोन भाग केले. वेंडेलने खाल्ला नाही. साखळी गेली याचं दुःख त्याला होतंच, पण शनिवारी हातात काठी नाही यापेक्षा साखळीच्या दुसऱ्या टोकाला तो गाढव नाही, हे जास्त लागलं. हे त्याने कबूल केलं नसतं. पोलादी टेप मात्र त्याने गॅरेजात सगळ्यात वरच्या खिळ्याला टांगली, जिथे हात पोचत नाही.

ऑगस्टमध्ये मंडळातल्या सगळ्या कोचांची बैठक झाली. नॉरुपची पाळी आली तेव्हा सेंट कॅशियनचा कोच ड्यूफ्रेन उठला. नॉरुपला खेळायला यायला आमची हरकत नाही, म्हणाला, पण साखळीवर तो म्हातारा पाहिजे. कुठला म्हातारा? तो, आपल्याच गावाचा सामना हरवणारा. बाकीच्या सहा कोचांनी हात वर केले. त्या परगण्यात सात कोचांचं कशावरही एकमत झाल्याची दुसरी नोंद नाही.

अध्यक्षीणबाईंनी स्वतः फोन केला. त्यांचा आवाज लोण्यासारखा झाला होता. गेल्या वर्षीचा तो गैरसमज, वगैरे.

“एक अट आहे,” वेंडेल म्हणाला. “पुढच्या काठीवर लायल पाहिजे.”

“मिस्टर ब्योरनहोल्ट?” बाई दचकल्या. “पण त्यांनीच तर...”

“म्हणूनच. दुसरा कोणी आणाल तर तो मूठ कुठे आवळतो ते शिकायला मला आणखी तेहतीस वर्षं लागतील. तेवढी माझ्याकडे नाहीत.”

सप्टेंबरातला पहिला सामना. लायल आला. पांढरं जाकीट चढवलं, पुढची काठी उचलली, गॉर्डीशी हवापाण्याचं बोलला, वेंडेलशी बोलला नाही. दोघं साखळीच्या दोन टोकांना पहिले दोन डाव मुक्याने चालले. बाकांवरून कोणीतरी वेंडेलच्या नावाने ओरडलं, त्याला आणखी चार-पाच जणांनी साथ दिली, मग त्यांनाही कंटाळा आला.

तिसऱ्या डावात मोजणी लागली. चौथा प्रयत्न, नॉरुपचाच चेंडू, अर्थातच मधोमध. तिघं गवतावरून आत चालत गेले. लायल चेंडूपाशी पोचला, उभाच राहिला. हातमोजे काढून दातांत धरले आणि दोन्ही तळवे रेफ्रीकडे करून दाखवले, जेवणाआधी पोरं आईला दाखवतात तसे. मग मोजे काखेत कोंबून त्याने मागे वळून पाहिलं.

“ताण की आता,” तो म्हणाला. “का त्यासाठी पण माझ्या बहिणीला विचारावं लागतं?”

वेंडेलने ताणली. नॉरुपला पाच इंच कमी पडले.